खालच्या उजव्या कोपऱ्यातला डाग

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर सारवासारव वाटेल. बारा वर्षांचा असताना मी एक गोष्ट केली, तिचा आळ एका सज्जन माणसावर आला, आणि मी गप्प बसलो. एक दिवस नाही... चाळीस वर्षं.

आता अनुभवाकडे वळतो. भूत, करणी, बाहेरची बाधा यांतलं मी काहीही मानत नाही. अठ्ठावीस वर्षं फाउंड्रीत इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स करतोय. मीटर दाखवेल ते खरं, एवढाच माझा धर्म. म्हणूनच भाद्रपदात आमच्या घरी जे झालं ते लिहायला हात धजत नव्हता.

आम्ही शिवाजी पेठेत राहतो. वडील, म्हणजे आप्पा, चौऱ्याऐंशी वर्षांचे. तब्येत ठणठणीत, नजर मात्र गेल्या दोन वर्षांत फार उतरली. माझी मुलगी बंगळुरूला नोकरी करते. ती व्हिडिओ कॉल करते तेव्हा आप्पा मोबाईल हातात घेऊन उलटा-सुलटा करतात आणि वैतागतात, "ह्या काडेपेटीत काय दिसतंय? पोरगी हाय का पाल हाय, कळंना झालंय."

नवीन काही आणलं की त्याला ते हात लावत नाहीत. तेव्हा मला माळ्यावरचा टीव्ही आठवला. गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही आमचा. लाकडी कॅबिनेट, सरकती दारं, उजवीकडे मोठे नॉब. त्याच्या आतच कॉम्प्युटर बसवला तर? नॉब फिरवला की चालू, आणि समोर नात. आप्पांना नवीन काही शिकायलाच नको.

एका रविवारी सकाळी कामाला लागलो. मागचं झाकण काढलं, ट्यूबमधला साठलेला चार्ज आधी उतरवला, मग ती जड काचेची पिक्चर ट्यूब काढून ठेवली. सर्किट, कॉइल, वायरी, सगळं काढलं. राहिलं फक्त लाकूड आणि नॉब. त्यात ऑफिसात पडून असलेल्या जुन्या चौकोनी मॉनिटरचं एलसीडी पॅनेल बसवलं, साहेबांना विचारून आणलेलं. खाली मिनी कॉम्प्युटर, वर कॅमेरा, नॉबमागे पॉवरचा स्विच. टेबलावर सगळं जोडून तासभर चालवून बघितलं होतं. चित्र स्वच्छ.

दुपारी जेवण झाल्यावर पॅनेल कॅबिनेटमध्ये घट्ट बसवलं आणि नॉब फिरवला.

स्क्रीन उजळला. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग. मध्ये हिरवा, कडेला जांभळट...

तो डाग मी ओळखत होतो.

तरी मी मेन्टेनन्सचा माणूस. पॅनेल बाहेर काढलं, डाग नाही. आत बसवलं, डाग. लाकडाचा दाब पडत असेल म्हणून स्क्रू ढिले केले, फोमच्या पट्ट्या लावल्या. डाग तिथंच. जादाचं म्हणून आणलेलं दुसरं पॅनेल लावून बघितलं, तेच. शेवटी पॅनेल उलटं केलं, वरची बाजू खाली. पॅनेलचा दोष असता तर डाग वर डाव्या कोपऱ्यात जायला हवा होता. गेला नाही. कॅबिनेटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातच राहिला. कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट घेतला, त्यात डाग नाही. मोबाईलने समोरून फोटो काढला, त्यात आहे.

बायकोला, मनीषाला, हाक मारली. डोळ्यांचा दोष तरी निघावा, अशी आशा होती.

"अहो, हा हिरवा कोपरा कसला?" ती आल्या आल्या म्हणाली.

तिच्या मागोमाग आप्पा आले. वाकून अगदी नाक लावून बघितलं आणि टाळीच वाजवली. "आला का! मगदूमचा डाग!"

हे मगदूम कोण, ते सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मी शाळेतून येताना तिथं रेंगाळायचो. एकदा त्यांनी फुटक्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक काढून मला दिलं. वर बजावलं होतं, "टीव्हीजवळ नेऊ नको हं बाळ."

त्याच आठवड्यात आमचा टीव्ही बंद पडला होता. मगदूमकाकांनी तो दुरुस्त करून शनिवारी घरी आणून दिला. रविवारी घरात कुणी नसताना मी टीव्ही लावला आणि चुंबक काचेवर धरलं. चित्र वाकलं, रंग वितळल्यासारखे पळाले. काय मजा वाटली म्हणून सांगू! मग चुंबक काढलं... आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातला रंग परत आलाच नाही.

संध्याकाळी फुटबॉलची मॅच बघायला अर्धी गल्ली आमच्या घरात. टीव्ही लावला, आणि त्या कोपऱ्यात गेलेला प्रत्येक खेळाडू हिरवा! आप्पांनी तिथल्या तिथं काकांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "माझी चांगली ट्यूब काढून कुणाची जुनी बसवलीस रं?"

काकांनी डाग बघितला. मग एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आप्पासाहेब, ट्यूब तीच हाय. पाच मिनिटं द्या, काचेवरनं कॉइल फिरवतो, डाग जाईल की."

"हात लावू नकोस! ऱ्हाऊ दे ह्यो डाग. चोर कोण हाय ते रोज दिसू दे गल्लीला."

मी दारात उभा होतो. चुंबक खिशात होतं.

आप्पांनी शब्द खरा केला. दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकलाही त्यांनी टीव्ही दाखवला नाही. वर्षानुवर्षं आमच्याकडे बातम्या देणाऱ्या बाईचा खांदा हिरवा असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आप्पा तो डाग दाखवायचे. दोनेक वर्षांत काकांचं दुकान बसलं. ते गडहिंग्लजकडे गेले, असं ऐकलं.

आणि त्याहून वाईट पुढेच आहे. मगदूम जैन. पर्युषण संपलं की त्यांच्यात क्षमावणी असते, वर्षभरात कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याची क्षमा मागायची. काका दरवर्षी त्या दिवशी आप्पांना पोस्टकार्ड टाकायचे. गाव सोडल्यावरही कधी चुकलं नाही. पद्धत आहे, मनात काही नसलं तरी सगळ्यांना लिहितात. पण आप्पा ते कार्ड घेऊन तालमीच्या कट्ट्यावर जायचे आणि म्हणायचे, "बघा! कबूल केलं की न्हाई?"

मी ते डोळ्यांनी बघितलंय, आणि तरीही गप्प राहिलोय.

त्या रविवारीही आप्पांनी कपाटातून कार्डांचा गठ्ठा काढला. वर यंदाचं होतं, चारच दिवसांपूर्वी आलेलं. अक्षर थरथरत होतं.

"बघ मनीषा," आप्पा म्हणाले. "चाळीस वर्सं माफी मागतोय. चोर नसता तर मागितली असती व्हय?"

मनीषा सहज म्हणाली, "पण आप्पा, ह्यांनी तर ट्यूब कधीच काढून टाकलीय. मग डाग कुठनं आला?"

आप्पा परत स्क्रीनला नाक लावून बघायला लागले. पहिला डाग कुणी पाडला, ते मला ठाऊक होतं. कार्डावर कोपऱ्यात मोबाईल नंबर होता. तो घेऊन मी गच्चीवर गेलो.

पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"मगदूमकाका, मी सुधीर. शिवाजी पेठेतल्या आप्पांचा..."

"आरं! बोल की बाळ. आप्पा बरे हाईत न्हवं?"

"बरे आहेत. काका, जरा टेक्निकल विचारायचं होतं." खरंच, मी असाच भित्र्यासारखा सुरू झालो. "एलसीडी पॅनेलला चुंबकाने डाग पडतो का?"

"न्हाई रे. जुन्या ट्यूबमध्ये पत्र्याची बारीक जाळी असायची. ती चुंबक धरायची, म्हणून डाग पडायचा. एलसीडीत तसलं काय न्हाई." मग त्यांनी विचारलं, "कुठल्या कोपऱ्यात पडलाय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खाली, उजवीकडं?" त्यांनीच विचारलं.

"काका... तुम्हाला माहीत होतं?"

"न्हाई कसं? तुझी चड्डी एका बाजूनं खाली उतरत होती की रे! खिशात पावशेराचं चुंबक, आन् तू एका हातानं नाडी धरून दारात." ते हसत होते. खरंच हसत होते.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुझ्या आप्पानं फोडून काढला असता तुला, सगळ्यांदेखत. म्हटलं, ट्यूब दोन दिवसांत दुसऱ्या कुणाला तरी दाखवतील, तो सांगेल चुंबकाचं. मला काय ठाऊक, ह्यो माणूस डाग जपून ठेवील!" मग आवाज खाली आला. "आन् चुंबक मीच दिलंतं तुला. बारा वर्सांच्या पोराला चुंबक द्यायचं आन् टीव्हीला लावू नको म्हणायचं, चूक कुणाची? म्हणून कार्ड टाकतो. बाकीच्यांची रीतीची असतात, आप्पांचं मात्र मनापासनं लिवतो."

मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून रडलो. बावन्न वर्षांचा माणूस.

खाली आलो आणि मनीषासमोरच आप्पांना सगळं सांगितलं. चुंबक, खिसा, सगळं. आप्पा ऐकत होते. हातातला गठ्ठा हळूहळू मांडीवर उतरला. मला वाटलं आता शिव्या बसतील. त्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे चोर म्हणून मी कार्डं दाखवत फिरलो," ते म्हणाले, "आन् तू बघत ऱ्हायलास."

"हो आप्पा."

तेवढ्यात मनीषा म्हणाली, "अहो... स्क्रीन बघा."

डाग नव्हता. कोपरा स्वच्छ. मी टीव्हीला हातही लावला नव्हता. नॉब बंद-चालू केला, पॅनेल काढून परत बसवलं, दोनदा. काही नाही. आज या गोष्टीला दीड महिना होत आला, डाग परत आलेला नाही. मोबाईलमधल्या फोटोत मात्र तो अजून आहे. लाकडाचा दाब, ढिली केबल, माझ्या मनाचा खेळ, हे सगळं सुचवून झालंय, माझं मलाच. मनाच्या खेळाचा फोटो कसा येतो आणि तो बायकोला कसा दिसतो, हे मला सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं, मी ऐकेन. पण खरं सांगू? उत्तर नाही मिळालं तरी चालेल. त्या दुपारी मला इतकं हलकं वाटत होतं की मी आनंदाने "गेला डाग!" असं ओरडलोच.

त्यावर आप्पा उठून उभे राहिले. "डाग गेला म्हणून सुटलास व्हय? पोस्टकार्ड आण. इतक्या वर्सांत त्याला एक उत्तर गेलेलं न्हाई ह्या घरातनं."

सोमवारी पोस्टातून कार्ड आणलं. म्हटलं, आप्पा सांगतील तसं लिहावं. तर म्हणाले, "तूच लिही. माझं मी तोंडानं बोलीन." आणि ते कार्ड पोस्टात टाकू दिलं नाही. पुढच्या रविवारी, काकांना फोन करून, आम्ही गडहिंग्लजला गेलो.

काका आता मुलीकडे राहतात. अंगणात खुर्ची टाकून आमची वाटच बघत होते. आप्पा गाडीतून उतरले, काठी माझ्याकडे दिली, आणि दोन्ही हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले. तोंड उघडणार, तोच काकांनी हात धरून बसवलं. "बसा ओ आप्पासाहेब. उतारवयात उभं ऱ्हाऊन कोण माफी मागतंय?"

मी कार्ड पुढे केलं. काकांच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, वाचता येईना. म्हणाले, "तूच वाच. मोठ्यानं वाच, लेकीलाबी ऐकू जाऊ दे." त्यांची मुलगी चहाचे कप घेऊन दारात थांबली. वडिलांवरचा आळ तीही लहानपणापासून ऐकत आली होती.

मी वाचलं. वाचून झाल्यावर काका म्हणाले, "क्षमा हाय. कवाच केलीय." मग आप्पांकडे वळून विचारलं, "आता फुडल्या वर्सी कार्ड टाकू का नको?"

"टाक की," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "आता उत्तर यील."

कार्डावर एवढंच लिहिलं होतं —

"ती. मगदूमकाका यांस, शिरसाष्टांग नमस्कार.

क्षमा मागताना 'कळत-नकळत' असं लिहायची पद्धत आहे. मी तसं लिहीत नाही. तुम्ही नको म्हणाला होतात तरी टीव्हीला चुंबक मी लावलं. आप्पांनी तुम्हाला चोर म्हटलं तेव्हा ते चुंबक माझ्या खिशात होतं, आणि मला सगळं कळत होतं. तुमचं दुकान बंद झालं तेव्हाही कळत होतं. दरवर्षी तुमचं कार्ड यायचं तेव्हाही कळत होतं. माझ्याकडून जे झालं ते कळून झालं.

मला क्षमा करा.

सुधीर"