अमरावतीच्या डॉक्टरची काच

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या ह्यांच्या मानेत गाठी आल्या. मुंबईला एक गाठ कापून पाहिली, कॅन्सर निघाला. विजेचा शेक दिला आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दर महिन्याला अमरावतीच्या आमच्या ओळखीच्या डॉक्टरकडे रक्त दाखवा. ओळखीचा म्हणजे वाटा असणारच, असं मी तेव्हाच मनात म्हटलं.

आमच्या जठारपेठेतून स्टेशनपर्यंत टांगा, मग बडनेऱ्यापर्यंत गाडी, पुढे अमरावती. तिथे तो डॉक्टर ह्यांच्या बोटाला सुई टोची, थेंब काचेच्या पट्टीवर पसरी आणि आत नेई. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणे, "पुढच्या महिन्यात या." बस्स! गाठ मानेत आणि टोचतो बोट. माझा स्वभावच असा की पोत्याच्या तळात हात घातल्याशिवाय मी ज्वारी घेत नाही. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं. दर खेपेला परतीच्या गाडीत मी ह्यांच्याशी त्यावरून भांडत असे.

चौथ्या खेपेला हे बाहेर बाकावर बसले आणि मी सरळ आत शिरले.

"दर महिन्याले रगत काढून राहिले तुमी. पाहता तरी काय?"

डॉक्टर चिडला नाही. म्हणाला, "बाई, गाठीतल्या पेशी रक्तात उतरल्या का, ते पाहतो. नसतील तर पुन्हा शेक देता येतो. उतरल्या असतील तर शेकाचा उपयोग नाही."

"मंग मायं बी काढा. दोन्ही मले दाखवा."

तो हसला, पण त्याने माझंही बोट टोचलं. दोघांच्या काचांवर वेगवेगळ्या खुणा केल्या. काचा वाळल्या, रंग चढवून झाला. दुर्बिणीत आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग माझं रक्त दिसलं. फिकट लाल चकत्या, मधूनच एखादा जांभळा ठिपका. डॉक्टरने काच बदलली. ह्यांच्या रक्तात मोठमोठ्या जांभळ्या पेशी होत्या, ज्वारीत वाटाणे मिसळावेत तशा. जिकडे काच सरकवावी तिकडे त्याच.

"गेल्या महिन्यात नव्हत्या," तो हळूच म्हणाला.

हा माणूस लबाड निघावा, असं मला त्या क्षणी जिवाच्या आकांताने वाटलं. मी पुन्हा डोळा लावला. काचांची अदलाबदल झाली असेल, माझीच ह्यांची म्हणून दाखवली असेल, म्हणून काचेवरची खूणही तपासली. खूण ह्यांचीच होती.

पदराने तोंड पुसून बाहेर आले. हे अंगठ्याने कापूस दाबून बसले होते.

"काय दिसलं?"

"काई नाई. तुमचं नि मायं सारखंच हाय. डॉक्टर चांगला मानूस हाय."

ह्यांनी बोटावरचा कापूस काढून टाकला. मग म्हणाले, "मंग आज भांडली काहून नाई तू?"