हीटर गळत होता, आणि मी ताईंना बोलले

आमच्या ह्यांच्याकडे एक जुनी विलायती गाडी आहे. बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून सासऱ्यांनी घेतली होती. आता ती फक्त रविवारी आणि पौर्णिमेला निघते, बाकीचे दिवस कापडाखाली झोपून असते. तिच्यात हीटर आहे याचा ह्यांना कोण अभिमान! जबलपूरच्या थंडीत पहाटे ग्वारीघाटाला निघायचं तर काचा वर आणि हीटर चालू, हे अगदी लाटसाहेबाच्या थाटात.

पौर्णिमेला ताई आमच्याबरोबर यायच्या. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, चेरीतालला मुलाकडे राहतात. मागे बसलं की त्यांना मळमळतं, म्हणून पुढची जागा त्यांची. घरून पंचामृत करून आणायच्या, घाटाच्या पायऱ्या उतरून नर्मदामाईला वाहायच्या, आणि उरलेलं स्टीलच्या डब्यात घालून परतीच्या वाटेवर पायाशी ठेवायच्या. आमच्या घरी आलं की सगळ्यांच्या हातावर एकेक पळी. महिन्यातून तेवढंच त्यांचं बाहेर पडणं होतं.

मागच्या थंडीच्या सुरुवातीला त्यांच्या पायाखालचा गालिचा ओला लागायला लागला. हात लावून पाहिलं तर चिकट, आणि वास गोडसर. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. ताईंचा हात वर्षभरापासून जरा थरथरायचा, ते मी पाहिलं होतं. म्हटलं, डबा हिंदकळत असणार. ह्यांना सांगितलं तर ह्यांनीही मान हलवली. इंजिनात दर आठवड्याला पाणी टाकावं लागत होतं, समोरची काच आतून धुरकट व्हायची, पण हे म्हणायचे, जुनी गाडी आहे, थोडं पिणारच.

कार्तिक पौर्णिमेला घाटावरून आलो. ताईंना न्यायला त्यांचा मुलगा स्कूटर घेऊन आमच्या अंगणात उभा होता, माझी सून चहा घेऊन आली होती. मी गाडीचं दार उघडलं, गालिचा पुन्हा ओला. आणि माझं तोंड सुटलं.

"ताई, हात इतका थरथरतो तर डबा दुसऱ्याच्या हातात द्यावा ना. गाडीची पार वाट लागून राहिली."

ताई एवढंच म्हणाल्या, "माझ्या डब्याचं झाकण घट्ट आहे." डबा कोणी उघडून पाहिला नाही. मीही नाही. भाच्यानं मात्र आईचा हात हातात घेऊन नीट पाहिला. ताईंनी तो मागे ओढून पदराखाली घेतला.

त्या दिवसापासून ताईंचा घाट बंद. भाच्यानं फोनवर सांगितलं, मामी, बरं झालं तुम्ही बोललात, आई तर आम्हाला कळूच देत नव्हती. ओल्या पायऱ्यांवर तोल गेला असता तर? मी हो हो म्हटलं. मनातून बरंही वाटलं असेल की आपलं बोलणं कोणीतरी ऐकलं. आता लिहिताना खोटं काहून लिहू.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही दोघंच गेलो. परत आलो, तर गालिचा ओला. मी म्हटलं, जुनं मुरलेलं असेल. गालिचा काढून धुतला, गच्चीवर दोन दिवस कडक वाळवला, परत घातला. रविवारी गाडी फिरवून आणली, तर पुन्हा ओला. तेव्हा कुठे ह्यांनी घमापुरातल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. तो डॅशबोर्डखाली वाकला, बोटानं ते पाणी टिपलं, वास घेतला आणि म्हणाला, "माताजी, ये नीचे का पानी नहीं है, ऊपर से आ रहा है."

हीटरच्या आत एक छोटा रेडिएटर असतो म्हणे, त्याला ते हीटर कोर म्हणतात. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं. तो सडला होता. पाण्यात ते हिरवं कूलंट घालतात ना, त्याचाच तो गोड वास आणि तोच चिकटपणा. मेकॅनिक म्हणाला, दोन नळ्या बाहेरच्या बाहेर जोडून टाकतो, हीटर विसरून जा. हे ऐकेनात. मग तीन दिवस गाडीचं पोट फाडून बसले दोघं. अख्खा डॅशबोर्ड बाहेर, वायरींचे गुंते, आणि माझ्या वाट्यांमध्ये स्क्रू. कुठला कुठचा ते मी चिठ्ठ्यांवर लिहून ठेवत होते. शेवटी तो कोर निघाला, वहीएवढा, कोपऱ्यात हिरवा कळंक चढलेला. झाळून भागणार नव्हतं. घमापुरातच एका रेडिएटरवाल्यानं जुन्याच्या मापानं तांब्याचा नवा करून दिला.

मी तो जुना कोर हातात घेऊन अंगणात बसले आणि मला एकदम सुचलं. पंचामृतात दूध असतं, दही असतं. सांडलं असतं तर दुसऱ्या दिवशी आंबट घाण सुटली असती, मुंग्यांची रांग लागली असती. दोन महिने एक मुंगी नाही आली. चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला एवढं कळू नये? ह्यांना नाही कळलं तर चालेल. मला कळायला हवं होतं.

गाडी जुळून झाली त्याच संध्याकाळी चेरीतालला गेलो. भाच्याला मी सगळं सांगितलं. म्हटलं, चूक माझी, डबा एकदाही सांडला नव्हता, आता आईला येऊ दे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मामी, गाडीचं पटलं. पण हात थरथरतात, हे तर खोटं नाही ना?"

खोटं नव्हतंच. मुलगा वाईट नाही हो, काळजीचा आहे. मग म्हणाला, चलो ठीक है, येऊ दे, पण गाडीतून उतरायचं नाही. वरूनच हात जोडायचे.

मी आत जाऊन ताईंना ते सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्या वाती वळत बसल्या होत्या. वळणं थांबवून म्हणाल्या, "माझ्या हाताचं मला माहीत होतं गं. लपवून लपवून एक वर्ष काढलं, तेवढ्या बारा पौर्णिमा मिळाल्या. तुला दिसलं होतं, तर मला एकटीला काहून नाही बोलली?"

मी म्हटलं, ताई, चुकले.

"हो," त्या म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या. मग पुन्हा वात हातात घेतली. "गाडीत बसून लांबून पाहायला मी नाही येत. तुम्ही जात जा."

मी अजून थोडा वेळ बसले. हवापाण्याचं काहीबाही बोलले, त्या हं हं करत राहिल्या. निघताना मी वाकून नमस्कार केला. एरवी त्या फाटकापर्यंत यायच्या, गाडी वळेपर्यंत उभ्या राहायच्या. त्या दिवशी जागेवरूनच म्हणाल्या, "या."