दवाखान्याची पांढरी खिडकी

मंडळी, सकाळी आपल्या ग्रुपवर कुणीतरी बीदरकडच्या जुन्या दवाखान्याचा आतला फोटो टाकलाय. हैदराबाद स्टेटच्या काळातला. उंच छत, लोखंडी खाटांची रांग, टोकाला मोठी खिडकी. खाली लिहिलंय, बायकांचा वॉर्ड.

मी तो आईला दाखवला. ती लहान असताना तिची आई, म्हणजे आमची अव्वा, तिथंच होती. तिथून ती घरी परत आलीच नाही, एवढंच मला माहीत होतं.

आईनं फोन हातात घेतला. मग म्हणाली, "आतून असा व्हता व्हय? म्या कधी बघितलाच न्हाई."

लेकरांना आत सोडत नसत. तिचे अप्पा बाहेर कडुनिंबाखाली तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापायचे आणि ही खिडकीखाली उभी राहायची. अव्वाला बरं वाटलं तर ती खिडकीत यायची. नाहीतर गजातून नुसता हात बाहेर यायचा.

"तिची खाट कंची असंल गं?"

आईनं विचारलं. मी खिडकी मोठी करून दाखवली. बाहेरचं काहीच दिसत नाही, उन्हानं सगळं पांढरंफटक झालंय.

आईनं त्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. "हितं मी उभी हाय."

याच वॉर्डाचा आणखी एखादा फोटो कुणाकडं आहे का? असला तर टाका. हे लेकीच्या फोनवरून लिहितेय. माझा अजून आईच्या हातात आहे.