उजवा कौल

आमच्या गावातला पहिला इंजिनिअर मी. ही गोष्ट मिरवायला मिळाली ती जेमतेम काही महिने.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मेकॅनिकलची पदवी घेऊन मी मसुऱ्याजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा वडिलांनी शाळेत पेढे वाटले. ते प्राथमिक शिक्षक. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा, घरात आम्हीही मास्तरच म्हणायचो. जिल्हा नवा झाला होता आणि आता कारखाने येणार, असे जो तो सांगे. आल्या त्या कचेऱ्या, आणि तिथल्या जागा सिव्हिलवाल्यांसाठी. मुंबईच्या कंपन्या अनुभव मागत, पण तो द्यायला कोणी तयार नसे. सेवायोजन कार्यालयात जाऊन कार्ड नवे करून आणणे, एवढेच माझे कामकाज.

गावाला मात्र आयता इंजिनेर सापडला होता. कोणाचा पंप बंद पडला की मला बोलावणे येई. लग्नाकार्यात माणसे विचारत, अजून घराकच काय रे? त्यांच्या विचारण्यात खोट नव्हती. पण उत्तर नसलेला प्रश्न मायेने विचारला तरी बोचतोच, आणि मी मुळात तापट.

एकदा एका आंबेवाल्याच्या बागेत मी पंप खोलून बसलो होतो. हात काळे, सदरा घामाने भिजलेला. काम झाल्यावर त्याने माझ्या हातात दोन नारळ ठेवले. तेवढ्यात शाळा सुटून मास्तर त्या वाटेने आले. त्यांनी माझ्या हातातले नारळ घेतले आणि पुढे चालू लागले. आईने त्यातलाच एक आमटीला वाटला, तर मास्तरांनी भाताला नुसते ताक घेतले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मध्य प्रदेशातल्या एका सिमेंट कारखान्यातून बोलावणे आले. मला जायचे नव्हते. मालवण बंदरात होड्यांना इंजिने बसू लागली होती. तिथे दुरुस्तीची एक शेड घालावी, संध्याकाळी घरी जेवायला यावे, असे माझ्या मनात होते. आईला ते पसंत होते. मास्तर हो म्हणेनात की नाही म्हणेनात. शेवटी म्हणाले, देवीला कौल लावू.

आमच्याकडे विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, ग्रामदेवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पण मास्तर या भानगडीत कधी पडले नव्हते. वर्गात हवेचा दाब शिकवणारा माणूस मुलाचे आयुष्य पाकळीवर सोडतो, याचा मला भयंकर संताप आला. मग शिकवलंत कशाला, असे मी विचारलेही. देवळाशी पोचल्यावर त्यांनी मला बाहेरच थांबायला सांगितले.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी वहाणा पायांत सरकवल्या.

"देवीन उजवो दिल्यान," ते म्हणाले. "जा तू."

मी गेलो. कसालच्या नाक्यावर गाडीत चढेपर्यंत त्यांच्याशी नीट बोललोही नाही. नोकरी चांगली निघाली. बढत्या मिळाल्या, घर मिळाले, सिमेंटची धूळ नाकातोंडात गेली. गावी येणे वर्षातून एकदा, मे महिन्यात. मास्तर कारखान्यातल्या यंत्रांविषयी खोदून खोदून विचारत आणि मग नारळ घेऊन मला देवळात नेत; गुरव देवीला गाऱ्हाणे, म्हणजे मागणे, घालू लागला की मला बाहेर पाठवत. उतारवयात माणसे देवभोळी होतात, अशी मी समजूत करून घेतली. तिकडे कोणी विचारले, एवढ्या लांब कसे आलात, तर सांगायचो, आमच्या देवीने हाकलले. लोक हसत. मला मात्र आत कुठेतरी वाटे की हाकलले ते मास्तरांनी.

दशक सरायच्या आत मास्तर गेले. तार मिळाल्यावर गाड्या बदलत मी पोचलो, तेव्हा सगळे उरकले होते. मला त्यांचे तोंडही दिसले नाही. याचे दुःख अजून उतरलेले नाही.

बाराव्यानंतर गुरव आला आणि माझ्याजवळ पडवीत बसला. म्हातारा झाला होता. म्हणाला, आता मास्तर नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

"तेंनी माका मागूक सांगितल्यानी, झील गावातच रवाचो आसात तर उजवो दी. आणि पाकळी उजवीच पडली. मास्तर खूप वेळ बघीत रवले. मगे माका म्हणाले, देवीचा मी बघून घेतंय, पोराक ह्या सांगू नको."

मी म्हटले, म्हणजे देवीने मला राहा म्हणून सांगितले होते?

"होय तर. देवीन दिलेला मास्तरांनी परत केल्यानी."

बागेतले ते दोन नारळ माझ्या डोळ्यांसमोर आले. मला रडू आवरेना, आणि त्या म्हाताऱ्यासमोर मी ते आवरलेही नाही.

परत जायच्या दिवशी मी एकटाच देवळात गेलो. गुरवाने नारळ घेतला आणि गाऱ्हाणे काय घालू म्हणून विचारले. मास्तर दर वर्षी जे घालायला सांगत तेच घाला, एवढेच म्हणालो. त्याने हात जोडले, देवीकडे तोंड केले आणि मास्तरांचेच शब्द उच्चारले.

"आये, कौल मी मोडलंय. काय ता माझ्यार काढ, पोरार नको."