तळ्यातला सातवा नंबर

चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या सुमारास माझी नात कॉलेजात होती. दर रविवारी ती मुलामुलींबरोबर घराजवळच्या तळ्यातली जलपर्णी काढायला जायची. ही वनस्पती आपल्याकडची नव्हे, बाहेरून आली आणि पाणी झाकून बसली, खाली मासे गुदमरतात, पाणकोंबड्या निघून गेल्या, असं ती सांगायची. मला त्यातलं फार कळत नव्हतं. तळ्यात पूर्वी विटांसाठी माती खणलेली आहे आणि जागोजागी खड्डे आहेत, एवढं मात्र माहीत होतं. म्हणून डबा द्यायच्या निमित्ताने मी काठावर जाऊन बसायची.

त्यांची रीत अशी होती. तिघं विळे घेऊन पाण्यात उतरून जलपर्णी कापायचे, बाकीचे काठावरून दोराने ती ओढायचे. पानं इतकी उंच की आत वाकलेलं माणूस दिसायचं नाही. म्हणून प्रत्येकाला नंबर दिलेला. एकदा ओढून झालं की सगळ्यांनी आपापला नंबर ओरडायचा. नातीचा सातवा.

त्या रविवारी पाण्यात उतरलेल्या तिघांत नातही होती. एकदा ओढून झालं. मुलं बहुतेक कानडी, म्हणून ओंदु, एरडु, मूरु, असे कानडीत आकडे येत गेले. एळु, म्हणजे सातही आला. पण आवाज नातीचा नव्हता. माझ्या शेजारी दोर धरून उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीचा होता.

"तू का बोललीस?"

"तिने ऐकलं नसेल, अज्जी. आहे ती तिकडेच. वर्गात पण हजेरीला तिच्या जागी मीच बोलते," ती हसत म्हणाली.

मी पाण्याकडे पाहिलं. जलपर्णीत माणूस गेलं तर पाणी हलताना दिसत नाही, बुडबुडा दिसत नाही. वरून नुसतं हिरवं मिटून जातं.

त्यांचा म्होरक्या म्हणाला, "चला, परत ओढा."

मी दोरावर बसले.

"अज्जी, स्वल्प बाजूला व्हा."

"आधी माझी नात कुठंय ते दाखव."

तो वैतागून ओरडला, "एळु!"

कोणी बोललं नाही. या वेळी मैत्रीणही गप्प होती.

मग पाण्यातली दोघं विळे चालवत तिच्या जागेकडे गेली. एकाचा पाय खड्ड्यात गेला, दुसऱ्याने त्याला धरलं. पाय गेलेल्याने तिथेच आत हात घातला आणि वेणी धरून तिला वर काढलं. तोंड निळं पडलेलं. काठावर पालथी घालून पाठीवर थापा मारल्या. मी मनात आकडे मोजत होते, किती झाले ते आठवत नाही. शेवटी ती ओकली आणि खोकली.

मैत्रीण रडत म्हणाली, "माझ्यामुळे झालं."

"हो, तुझ्यामुळे," मी म्हटलं.

घरापर्यंत मी नातीचं मनगट धरून चालले.

"आज्जी, दुखतंय."

"दुखू दे," म्हटलं, आणि आणखी घट्ट धरलं.