चहा उकळायचा नाही म्हणे!

"निख्ट कोखेन! उकळू नका! उकळू नका म्हणते ना!"

चहाचा वर्ग घेणाऱ्या बाई अशा ओरडल्या, की जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेन गावातल्या सगळ्या सायकली जागच्या जागी थांबल्या. बरं, सगळ्या नसतील. पण दोन तरी थांबल्याच, मी खिडकीतून पाहिल्या.

या बाई आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतात. पुण्याहून आलेल्या माझ्या आईनं त्यांना एकदा हौसेनं वर बोलावून चहा दिला. एक घोट घेऊन बाईंनी कप सरकवला आणि म्हणाल्या, "हे तर सूप आहे." आईला जर्मनमधलं ओ की ठो कळत नाही, पण 'सुपं' म्हणजे सूप, एवढं बरोब्बर कळलं. त्या दिवसापासून घरी कुणीही येवो, आई सफरचंदाचा रस पुढे करायची. चहाचं पातेलं फडताळात गेलं ते गेलंच. मग मीही इरेला पेटलो, बाईंच्याच वर्गात नाव घातलं आणि शेवटच्या तासाला आईला सोबत नेलं.

टेबलावर जुन्या चिनी चहाच्या भांड्याची नक्कल होती. मातीचं, तपकिरी झिलईचं, पुढे तोटी आणि कडेला आडवा दांडा. तो दांडा कशाला? तर भांडं विस्तवावरून उचलायला! हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिकडे चहा चक्क उकळायचे, तोही आलं घालून, हे बाईंनीच शिकवलेलं. मी ते वहीत सतरा वेळा अधोरेखित केलं होतं.

तेव्हा मी तेच भांडं मंद आचेवर चढवलं, पत्ती टाकली, आलं ठेचून टाकलं. बाई ओरडत राहिल्या, चहा उकळत राहिला. वरून मी दूध ओतलं.

"दूध नव्हतं त्यात!"

"त्या दिवशी गवळी आला नसेल," मी म्हणालो. "बाकी सगळं तुमच्याच तासातलं. आता त्या चिन्यांना जाऊन सांगा, सूप करत होतात म्हणून!"

वर्ग खो खो हसला. बाई लालबुंद. पण घोट घेतला. मग आणखी एक. मग रिकामी वाटी मुकाट्यानं पुढे केली, माझ्याकडे नाही, आईकडे बघत.

परतताना बसमध्ये मी छाती फुगवून विचारलं, "काय गं, कसा झाला होता?"

"पाणचट," आई म्हणाली. "रविवारी तिला वर बोलाव. मी करते."