जुळणारे मासे

सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवलाच नाही. सगळ्यांनी हात जोडून नाही नाही ती वचनं देऊन पाहिली, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. सासूबाईंनी तिथेच मनाशी धरलं, की माणूस उपाशी गेला. माशांशिवाय न जेवणारा माणूस, आणि आजारपणात आम्ही पथ्य म्हणून एक तुकडा दिला नव्हता.

पोशीरहून त्यांना नेरळला आमच्या फ्लॅटवर आणलं, तर त्यांनी जेवणच टाकलं. दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. मला भीती वाटायची, अगदी उघड भीती, की या अशाच संपणार. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. म्हणून मी काचेची टाकी आणली.

मी काही करायला घेतलं की अर्धवट करत नाही. टाकीत हिटर बसवला आणि कोमट पाण्यात गुण्यागोविंदाने राहतील असेच मासे निवडले. माझ्या लग्नात एवढी पत्रिका पाहिली नव्हती. टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो, बाद. एंजल दिसायला गरीब, पण मोठा झाला की बारक्यांना गिळतो, बाद. राहिले गप्पी, मोली, प्लेटी आणि तळाशी उष्टंखरकटं टिपणाऱ्या कोरी.

पावसाळ्यात दीर आले ते बाटलीतून खाचरातल्या माशांची तांबूस पिल्लं घेऊन. "आपल्या शेतातली हायत. आयला बरं वाटंल," म्हणाले. परक्या माशांची सात पिढ्यांची चौकशी करणारी मी, घरच्या शेतातल्यांना काय विचारायचं, म्हणून सरळ सोडली. त्यातलं एकच जगलं आणि लाकडाच्या ओंडक्यामागे दिसेनासं झालं.

मग मासे कमी व्हायला लागले. मेलेले तरंगायचे नाहीत, खवला नाही, काटा नाही. सकाळी पाहावं तर एक गप्पी नाही. टाकीतला हवेचा पंप बंद असला की बैठकीतून गुळुक असा आवाज यायचा, कोणीतरी घोट घेतल्यासारखा. टाकीपुढे बसलेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जेवलं गं ते."

ते म्हणजे सासरे, हे कळलं आणि माझ्या अंगावर काटा आला. पण त्या दुपारी त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली.

तेव्हापासून तसंच सुरू झालं. मासा गेला की त्या जेवायच्या, न गेला की ताट परत. एका संध्याकाळी टाकीतलं पाणी बदलताना ओंडका उचलला, तर मागे दिरांनी आणलेलं ते पिल्लू, आता बोटाएवढी जाड मरळ झालेलं, तोंडातून मोलीची शेपटी बाहेर. वर येऊन तिने हवा गिळली. गुळुक. एवढंच होतं ते. मी ओंडका जागेवर ठेवला आणि कोणालाच काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात कर्जतच्या दुकानातून मासे आणले ते तिच्या तोंडात मावतील असे पारखून. दुकानदाराने विचारलं, "सगळे जुळतील ना?" मी म्हटलं, "जुळतात."

एके दिवशी मरळ झाकणाच्या फटीतून बाहेर पडली. चपलांच्या रॅकखाली वाळून कडक झालेली मला सापडली. त्यानंतर टाकीत सगळे सुखाने पोहत राहिले, आणि सासूबाईंची भाकरी सकाळ-संध्याकाळ कावळ्यांसाठी बाहेर जाऊ लागली. डोळे पुन्हा खोल गेले. माझ्याच्याने ते बघवेना.

मग एका दुपारी, जेवणाआधी त्या आंघोळीला गेल्यावर, मी टाकीत हात घातला. जाळीतून प्लेटी निसटत होती, म्हणून बाहीसकट कोपराच्या वर हात घालून मुठीतच धरली. ती मुठीत धडपडत होती. गॅलरीतल्या बादलीत सोडून वर ताट झाकलं. मला स्वतःचीच शिसारी आली.

जेवायच्या वेळी सासूबाई टाकीपुढून उठून पानावर आल्या. मी भाकरी घेऊन वाकले. त्यांनी माझा हात धरला, दंडापर्यंत चाचपला.

"बाही वली हाय गं तुजी," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात सोडला, ताट माझ्याकडे सरकवलं.

"वाड," म्हणाल्या. "दोन भाकऱ्या वाड."